मोरीच्या पोटातली नाळ

गाबतिणीनं, म्हणजे आमच्याकडच्या कोळिणीनं, मोरी माशाच्या पोटावरून कोयती फिरवली आणि आतून पिल्लं घसरत बाहेर आली. बोटाएवढी, राखाडी, डोळे टक्क उघडे. पुढच्या दोन परांच्या मधोमध प्रत्येकाला एक दोरा चिकटलेला, आणि त्या दोऱ्याला बारीक झालर. मी जन्मभर मोरी खात आले, शाळेत छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण ती झालर नीट कधी बघितली नव्हती. बघितली माझ्या भाचीनं. सातवा महिना लागल्यावर ती आमच्याकडे, म्हणजे तिच्या माहेरी मालवणला आलेली. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती मागच्या दाराच्या उंबऱ्यात उभी होती.

"आत्या, ही नाळ आहे?"

"नाळच."

"माशाला?"

गाबतीण हसली. "पिल्लांची मोरी गोड लागता बाय. स्वस्तात लावतंय, घेवा."

आमच्याकडे बाजारात येते ती बहुतेक छोटी मोरी. नाक कुदळीसारखं चपटं, लांबी फार तर पाऊण मीटर, आयुष्य पाच-सहा वर्षांचं. गुजरातेपासून कोकणापर्यंत जाळ्यात सगळ्यांत जास्त सापडणारी मुशी, म्हणजे शार्क, हीच. आपल्या बाईमाणसांसारखीच ती पोटात वार, म्हणजे नाळेतून पिल्लाला पोसणारा अवयव, धरून पिल्लं वाढवते. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं असतं, त्यात पिल्लाला पुरेल इतका बलक नसतोच. त्यामुळे फार लवकर नाळ जुळते आणि पाच-सहा महिने पिल्लं आईच्या रक्तावर पोसली जातात. एका वेळी सहापासून अठरापर्यंत. शार्क म्हटलं की सिनेमातला जबडा आठवतो, पण आमच्या मागच्या दारी शार्क म्हणजे लेकुरवाळी.

आईला या सगळ्याशी काही कर्तव्य नव्हतं. तिचं वय चौऱ्याऐंशी आणि तिचा हिशेब वेगळा. चेडू बाळंतपणाला आलंय, म्हणजे घरात मोरी शिजायलाच हवी. बाळंतिणीला दूध येतं ते मोरीनं. शेपा, अळीव, डिंकाचे लाडू हे सगळं घाटावरच्या लोकांचं, असं तिचं ठाम मत. आमच्याकडे मोरी. साल गरम पाण्यानं खरवडून काढायची, कारण ती कानसेसारखी खरखरीत असते, तुकडे करायचे, तिखट कमी आणि मिरी-लसूण जास्त घालून भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपात शिजवायची. कोवळ्या बाळंतिणीला पहिले काही दिवस नुसतं पाणीदार, मग हळूहळू घट्ट. मोरीच्या मांसात युरिया असतो आणि मासा शिळा झाला की त्याचा अमोनियाचा वास येतो, म्हणून ती ताजीच हवी.

भाचीनं फोन पुढे केला. तिच्या मुंबईच्या डॉक्टरांनी गरोदरपणात काय खाऊ नये याची यादी पाठवली होती. तलवारमासा, मार्लिन, मोठा ट्यूना आणि यादीच्या अगदी वर शार्क. खाली एका ओळीत कारण: पारा.

"आजी, मोरीत पारा असतो म्हणतात."

आईनं फोनकडे बघितलंसुद्धा नाही. "माझ्या वक्ताक तुझो आजो देवबागसून चलत मोरी हाडी. म्हयनोभर मोरीच खाल्लंय." मग माझ्याकडे वळून, "तुका काय झाला?"

या प्रश्नाचं उत्तर चौसष्ट वर्षांच्या बाईनं काय द्यायचं? मला काय झालं ते मला कसं कळणार? मी मोरी न खाल्लेल्या आईच्या पोटी जन्मले असते तर कदाचित गणितात आणखी दोन मार्क जास्त पडले असते. तुलनेला दुसरी मी उपलब्ध नाही.

पाऱ्याशी माझी ओळख तशी जुनी. शाळेच्या प्रयोगशाळेत बोटभर उंचीची काचेची बाटली होती. नवीन मुलांना ती उचलायला सांगायची आणि त्यांचे चेहरे बघायचे, हा माझा दरवर्षीचा आनंद. बाटली अर्धा किलोची वाटावी इतकी आणि दिसायला एवढीशी. पाण्याच्या साडेतेरा पट जड. वायुभारमापकाचा प्रयोग करताना थेंब टेबलावर सांडायचे, फटीत जायचे, मुलं ते कागदाच्या चिठोऱ्यानं गोळा करायची, तळहातावर नाचवायची. मीही नाचवलेत. आमच्या पिढीला पारा म्हणजे खेळणं. भाषेतही तो घरचाच: माणसाचा पारा चढतो, तापाचा पारा उतरतो, जुन्या आरशाचा पारा उडतो. धान्याच्या डब्यात पारद टिकड्या टाकतात, वैद्यांच्या रसशास्त्रात तर त्याच्यावाचून पान हलत नाही.

त्या खेळाचं आता वाईट वाटतं, पण जे वाटायचं ते वाफेबद्दल. पाऱ्याचा थेंब कुणी गिळला तर बहुतेक सगळा तसाच्या तसा खाली उतरून निघून जातो, आतड्याला तो शोषताच येत नाही. वाफ श्वासावाटे गेली तर मात्र बरीचशी अंगात राहते. आणि माशातला पारा हा तिसराच. त्याला मिथाइल पारा म्हणतात. खाल्ला की जवळजवळ सगळाच्या सगळा रक्तात जातो. तळहातावरच्या त्या चकचकीत गोळ्यांपेक्षा त्याची जात इतकी निराळी आहे की दोघांना एकच नाव असावं हेच मला चुकीचं वाटतं.

हा तिसरा पारा बनतो चिखलात. कोळसा जळतो, सोन्याच्या खाणीत सोनं वेचायला पारा वापरतात, ज्वालामुखी फुटतात, आणि पारा हवेत जाऊन पावसाबरोबर पाण्यात उतरतो. २०१५ या एका वर्षात माणसांच्या उद्योगांनी अंदाजे २,२२० टन पारा हवेत सोडला असा संयुक्त राष्ट्रांचा हिशेब आहे. त्यात सगळ्यांत मोठा वाटा छोट्या सोन्याच्या खाणींचा, त्याखालोखाल कोळशाचा. पाण्याच्या तळाशी, जिथे प्राणवायू पोचत नाही अशा गाळात, काही जिवाणू या पाऱ्याला कार्बनचा एक तुकडा जोडतात. त्यांनी हे का करावं हे कोडंच आहे. कोणती दोन जनुकं हे काम करतात तेसुद्धा २०१३ साली कळलं. पण तुकडा जोडला गेला की पारा जिवंत पेशींत शिरायला मोकळा होतो. प्लवंगात, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत, थोडा, प्लवंग खाणाऱ्या तारलीत त्याहून जास्त, तारली खाणाऱ्या सुरमईत आणखी, आणि सुरमई गिळणाऱ्या मोठ्या मुशीत आजूबाजूच्या पाण्याच्या लाखो पटींनी. तो चरबीत राहत नाही, मांसाच्या प्रथिनांना चिकटतो. त्यामुळे चरबी काढून, तळून, उकडून, कोकम घालून, काहीही केलं तरी जात नाही. सुकी मोरी केली तर पाणी उडतं आणि पारा राहतो, म्हणजे तोळ्यामागे वाढतोच.

हे सगळं मी आईला सांगितलं नाही. भाचीला सांगितलं, कारण तिनं विचारलं. मग आम्ही दोघी कालनिर्णयच्या मागच्या पानावर हिशेब करत बसलो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीनं २००३ साली मर्यादा घालून दिली: शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा, त्याहून जास्त नको. भाचीचं गरोदरपणापूर्वीचं वजन साठ किलो धरलं तर आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं तिथल्या बाजारातल्या माशांची सरासरी काढली आहे. शार्कमध्ये ग्रॅममागे ०.९७९ मायक्रोग्रॅम. म्हणजे ९८ ग्रॅम शार्क खाल्ली की आठवड्याचा कोटा संपला. ९८ ग्रॅम म्हणजे आमच्या घरच्या वाढपात दोन तुकडे आणि रस्सा.

"आणि तारल्या?" भाचीनं विचारलं.

तिथल्या तारलीसारख्या माशाची सरासरी ०.०१३. भागाकार केला. आठवड्याला सात किलोंहून जास्त तारल्या खाल्ल्या तर मर्यादा ओलांडते. भाची इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं.

तारली, पेडवे म्हणजे आमच्याकडची सगळ्यांत स्वस्त मासळी. रापणीला ढीगभर लागायची तेव्हा माणसांनी खाऊन उरलेली माडांच्या बुंध्याशी खत म्हणून पुरत. पाहुणा आला तर पेडवे वाढणं म्हणजे अपमान, त्याला सुरमईचा तुकडा हवा. आणि पाऱ्याचा तराजू लावला तर तो तुकडा खाली जातो आणि पेडवा वर. गरिबाच्या ताटात जे पडलं ते निदान या एका बाबतीत निर्मळ निघालं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. अमेरिकेतली ०.९७९ ही सरासरी मोठमोठ्या शार्कना धरून आहे. आमची छोटी मोरी पाच वर्षं जगते, कोळंबी आणि बारीक मासे खाते. वीस-तीस वर्षं जगून मोठाले मासे गिळणाऱ्या मुशीइतका पारा तिच्या अंगात साठायला वेळच मिळत नाही. पारा म्हणजे वय आणि आहार यांचा गुणाकार. तेव्हा आईची मोरी यादीतल्या शार्कइतकी दोषी नसणार. पण बाजारात मोरी म्हणून तुकडे विकले जातात तेव्हा ते कोणत्या मुशीचे, किती मोठ्या, हे गाबतीण सांगेल तेच खरं. हातोड्यासारख्या डोक्याच्या मोठ्या कानमुशीची पिल्लंही मोरी म्हणूनच जातात.

शिवाय दुसरं. मिथाइल पारा वारेतून बाळाकडे जितक्या सहज जातो तितका दुधातून जात नाही. दुधात फार कमी उतरतो. म्हणजे बाळंतिणीला मोरी देण्याच्या आईच्या रीतीत बाळंतपणानंतरची मोरी तितकी धोक्याची नाही, धोक्याची आहे ती आधीची. सातव्या महिन्यात "आता सवय लागू दे" म्हणून आणलेली. आणि शरीरातला निम्मा पारा जायला सुमारे पन्नास दिवस लागतात. त्यामुळे खरी काळजी दिवस राहण्याच्याही आधीपासून घ्यायची. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी भाचीकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. दिवाळीला ती आली होती तेव्हा आम्ही मोरीचं मटण केलं होतं. दोघींनी तो विषय काढला नाही.

वारेबद्दल बोलायचं तर मिनामाताला जावंच लागतं.

जपानच्या दक्षिणेला क्यूशू बेटावर, कुमामोतो प्रांतात हे गाव. समोर शांत, उथळ समुद्र, कोळ्यांची वस्ती आणि मधोमध चिस्सो कंपनीचा कारखाना. १९३२ पासून तिथं पाऱ्याचं उत्प्रेरक वापरून ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनत होतं आणि सांडपाणी खाडीत जात होतं. पन्नाशीच्या दशकात आधी मांजरं वेडी झाली. गोल गोल फिरायची, उड्या मारायची, समुद्रात पडून मरायची. कोळ्यांच्या घरची मांजरं म्हणजे माशांवर वाढलेली. १९५६ च्या एप्रिलमध्ये पाच वर्षांची एक मुलगी कारखान्याच्याच दवाखान्यात आणली गेली. तिला चालता येईना, बोलता येईना. मागोमाग तिची धाकटी बहीण. १ मे १९५६ ला दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर होसोकावा यांनी आरोग्य खात्याला कळवलं की मेंदूचा अनोळखी रोग पसरतो आहे. आधी तो संसर्गजन्य समजून शेजाऱ्यांनी त्या घरांकडे पाठ फिरवली. दुकानदार त्यांच्या हातून पैसे घ्यायला कचरत.

होसोकावांनी १९५९ साली कारखान्याचं सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिलं. प्रयोगातलं ते चारशे क्रमांकाचं मांजर. काही महिन्यांत तेही तसंच थरथरायला लागलं. कंपनीनं पुढचे प्रयोग थांबवले आणि निष्कर्ष दाबून ठेवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र समारंभानं बसवलं गेलं. हे यंत्र पारा काढण्यासाठी बनवलेलंच नव्हतं, हे पुढे उघड झालं. आणि वर्ष संपायला दोन दिवस असताना रोग्यांशी करार झाला: थोडी 'सहानुभूतीची रक्कम', आणि उद्या कारण कारखानाच निघाला तरी जास्त मागायचं नाही. सरकारनं कारण अधिकृतपणे मान्य केलं १९६८ च्या सप्टेंबरात. त्याच्या चार महिने आधी कारखान्यानं ती जुनी पद्धत आपण होऊन बंद केली होती. मान्यता उशिरा मिळाली असं मला म्हणवत नाही. ती गैरसोयीची उरली नाही तेव्हा मिळाली.

होसोकावांनी १९७० साली दवाखान्यातल्या खाटेवरून साक्ष दिली, चारशे नंबरच्या मांजराची हकिकत सांगितली आणि काही महिन्यांत ते गेले. या माणसाबद्दल मला काय वाटावं हे अजून ठरवता येत नाही. रोग पहिल्यांदा कळवणारे तेच, आणि कारण कळल्यावर अकरा वर्षं जाहीरपणे न बोलणारेही तेच.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या डॉक्टरांबद्दल. हारादा मासाझुमी. १९६१ साली ते तरुण होते, मिनामाताच्या वस्त्यांत घरोघर फिरत. एका घराच्या ओसरीवर दोन भाऊ खेळताना दिसले, दोघांची लक्षणं सारखीच. मोठ्याला मिनामाता रोग, असं आईनं सांगितलं. आणि धाकट्याला? त्याला मेंदूचा पक्षाघात, जन्मतःच. का? तर तो मासे खात नव्हता, म्हणून डॉक्टर म्हणतात त्याला तो रोग असूच शकत नाही. पण ती बाई पुढे म्हणाली की मासे मी खाल्ले ना, तो पोटात असताना. विष माझ्यातून त्याच्यात गेलं.

त्या वेळचं वैद्यकशास्त्र सांगत होतं की वार ही भिंत आहे, आईच्या अंगातलं विष बाळापर्यंत पोचत नाही. न शिकलेल्या कोळिणीनं ते ओसरीवर बसून खोडून काढलं. हारादांचा मोठेपणा इतकाच की त्यांनी तिचं ऐकलं. अशी मुलं त्यांनी शोधली, तपासली. १९६२ च्या नोव्हेंबरात सोळा मुलांना जन्मजात मिनामाता रोग असल्याचं मान्य झालं. आता कळतं की वार पाऱ्याला अडवत तर नाहीच, उलट त्याला अन्नाचा घटक समजून आत ओढते. त्यामुळे बाळाच्या नाळेतल्या रक्तात आईच्या रक्तापेक्षा जास्त पारा सापडतो. त्या पिढीतल्या एका मुलीची आई तिला 'लाखमोलाची पोर' मानायची. माझ्या अंगातलं विष तिनं आपल्यावर घेतलं, म्हणून मी आणि तिची भावंडं वाचलो, असं ती सांगत असे. त्या मुलीचं एक छायाचित्र जगभर गेलं. पुढे घरच्यांनी ते आता दाखवू नका असं सांगितलं, म्हणून इथं त्याचं वर्णन करत नाही.

पुरावा मात्र हवाच होता. मुलं मोठी झाली तेव्हा त्यांच्या रक्तातला पारा केव्हाच निघून गेला होता, आजार तेवढा राहिला होता. कोणत्या वर्षी पोटात असताना किती पारा होता हे सिद्ध कसं करायचं? तिथं जपानी घरांतली एक रीत कामाला आली. बाळाची वाळलेली नाळ ते टाकत नाहीत. लाकडाच्या छोट्या पेटीत, नाव आणि जन्मतारीख लिहून, जपून ठेवतात. हारादांनी घरोघरी जाऊन त्या पेट्या मागितल्या. वाळलेल्या नाळांतला पारा मोजला. १९७५ साली त्यावरचा अहवाल 'नेचर'मध्ये छापून आला. कारखान्याचं उत्पादन ज्या वर्षांत वाढत गेलं त्या वर्षांतल्या नाळांमध्ये पाराही वाढत गेलेला होता. कंपनीच्या कागदांत जे दडवलं होतं ते आयांच्या कपाटांत तारखेनिशी पडून होतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून परसात गेले. आमच्याकडे नाळ पुरतात. "माझी नाळ इथं पुरलीय" असं आपण अभिमानानं म्हणतो. गावाशी नाळ जोडलेली आहे, नाळ तुटली, ही सगळी आपली बोलणी. माझी नाळ आमच्या विहिरीजवळच्या माडाखाली कुठंतरी आहे, भावाची तिथंच. साठ वर्षांपूर्वी अरबी समुद्राच्या मोरीत किती पारा होता याचा माझ्या घरचा पुरावा त्या माडानं खाल्ला, त्याचे नारळ झाले, त्यांचं वाटप होऊन मोरीच्या रश्शात गेलं. शास्त्राच्या दृष्टीनं वाईट झालं. बाकी काही वाईट झालं असं नाही म्हणवत.

आईच्या "तुका काय झाला?" या प्रश्नाला एक अर्धं उत्तर आहे. समुद्राच्या वरच्या थरातला पारा कारखानदारीच्या आधीच्या तुलनेत तिप्पट झाला आहे, असं २०१४ साली जगभरच्या समुद्रांतल्या मोजमापांवरून निघालं. बाळंतिणीला मोरी द्यावी हे ज्या कुणा पणजीच्या पणजीनं ठरवलं, तिचा समुद्र निराळा होता. तिनं भरपूर प्रथिनं असलेला, वर्षभर मिळणारा, काटे नसलेला मासा निवडला. बाळंतिणीला काटे निवडत बसायला लागू नयेत, हा केवढा शहाणा विचार! रीत बदलली नाही. पाणी बदललं, आणि ते कुणी आयाबायांना येऊन सांगितलं नाही.

आपल्याकडचंही पाणी. ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९८१ सालीच लिहिलं होतं. कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवायला तेव्हा पाऱ्याच्या कुंड्या वापरत, आणि त्यातला थोडा थोडा सांडपाण्यातून जाई. आता ती पद्धत मागे पडली, पारा न लागणारी पडदा पद्धत आली. २०१३ साली कुमामोतोतच पाऱ्याविरुद्धचा जागतिक करार झाला, त्याला नाव मिनामाताचं दिलं. भारतानं तो २०१८ साली स्वीकारला. पण गाळातला पारा करार वाचत नाही, तो तिथंच असतो आणि जिवाणूंना वेळ भरपूर असतो.

भाचीला भीती घालायची नव्हती, म्हणून तिला फेरो बेटांची आणि सेशेल्सची गोष्टही सांगितली. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर लोक पायलट व्हेलचं मांस पिढ्यान्‌पिढ्या खात आलेले. १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या हजारेक मुलांच्या नाळेतल्या रक्तातला पारा तिथं मोजला गेला, मुलं सात वर्षांची झाल्यावर त्यांची परीक्षा घेतली, आणि पारा जास्त तसतशी भाषा, स्मरण, एकाग्रता थोडी थोडी कमी, असं दिसलं. २००८ साली तिथल्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितलं की व्हेल आता माणसानं खाण्यालायक उरली नाही. त्या अभ्यासातले पाल वाइहे हे त्याच बेटांचे. आपल्याच लोकांना त्यांच्या आजीच्या हातचं खाऊ नका म्हणून सांगायचं. मला इथं एका स्वयंपाकघरात ते जड गेलं.

उलट सेशेल्समध्ये बायका आठवड्याला बारा-बारा वेळा मासे खातात, साधे समुद्री मासे, आणि त्यांच्या मुलांत असं नुकसान सापडलं नाही. माशातल्या चांगल्या गोष्टी बाळाच्या मेंदूला लागतातच. तेव्हा मासे सोडायचे नव्हते, निवडायचे होते. भाचीच्या सासरी, मुंबईत, कुणीतरी तिला मासेच बंद करायला सांगितलं होतं. सगळेच वर्ज्य केले की विचार करावा लागत नाही, ही सोय मोठी असते.

त्या दिवशीच्या मोरीचं काय झालं? ती घेतली. आईनं भावही केला. रश्श्यासह आम्ही तिघींनी खाल्ली: आईनं, वहिनीनं आणि मी. भाचीला तारल्या तळून दिल्या, तिरफळं घालून पेडव्यांचं तिखलं केलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गाबतिणीला तिनंच विचारलं, "पेडवे हाडलंस?" आणि मग माझ्याकडे न बघता, "ह्या मास्तरणीक मोरी चलना ना."

बाळ मे महिन्यात झालं, मुलगी. मी आईला सांगितलं की आता थोडी मोरी चालेल, छोटी, आठवड्यातून एकदा. आईनं अशा नजरेनं बघितलं की जणू मी तिच्याच घरात तिला परवानगी दिली. तिनं मोरी आठवड्यातून दोनदा केली. दूध भरपूर आलं. ते मोरीनं आलं की भाचीच्या वयानं, यावर घरात मतभेद आहेत.

आठव्या दिवशी नाळ पडली. आईनं ती फडक्यात गुंडाळली आणि काठी घेऊन माडाकडे निघाली. भाचीनं खाटेवरून हाक मारली, "आजी, अर्धी ठेव." आईला ऐकू आलं नाही, किंवा आलं. मी मागोमाग गेले. माडाच्या बुंध्याशी ती खड्डा करत होती. मी काहीच बोलले नाही, नुसती डबी पुढे केली, कानातल्यांची, आतला कापूस काढलेली. आई बराच वेळ त्या डबीकडे बघत राहिली. मग फडकं सोडलं, नखाएवढा काळा तुकडा मोडून माझ्या हातात दिला आणि उरलेला पुरला.

"हेचा काय करतलस?"

"काय नाय. तारीख लिवन ठेवतंय."

"लिव," ती म्हणाली. "अक्षर बरा काड."

डबी भाचीनं मुंबईला नेली. इथं आता पुन्हा आम्ही तिघीच. गाबतीण येते, चौकशा होतात, पाटी उघडते. परवा तिच्याकडे सुरमई होती, मोठी, तुकडा हाताएवढा. अमेरिकेच्या त्या यादीत शार्कच्या शेजारी जो मासा आहे तो आमच्या सुरमईचा सख्खा चुलत भाऊ, आणि त्याची सरासरी ०.७३. आई भाव करत होती, डोळे चमकत होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला सुरमईतल्या पाऱ्यानं काय करायचंय? मी आत जाऊन वाटपाला खोबरं भाजायला घेतलं. सुरमईचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.